दारावरचा इतिहास : जुन्या वस्तूंची तोरणे

इतिहास म्हटला की गड, लढाया, तहनामे आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांचे मोल आहेच. पण ज्या घराण्यात कुणी सरदार झाला नाही, ज्यांच्या नावे सनद नाही की वतनपत्र नाही, अशा साध्या घरांनी आपला इतिहास कुठे ठेवला? आमच्या सीमाभागापुरते या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांला सापडले आहे. त्या घरांनी तो दारावर बांधला. गणपती-गौरीला, दसऱ्याला, दिवाळीला, पाडव्याला माळ्यावरच्या ट्रंकेतून निघणारी जुनी तोरणे नीट पाहिली, तर शंभर वर्षांत घरात काय आले आणि काय गेले, हे त्यांत वाचता येते.

पुण्याहून बेंगळुरूकडे जाताना कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडली की कर्नाटकातले पहिले गाव लागते ते आमचे कोगनोळी. बहुतेक वाचकांना ते टोलनाक्यामुळे माहीत असेल. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, याच नाक्यावर दोन राज्यांमधली तपासणी चाले आणि कोगनोळीचे नाव रोज बातम्यांत असे. थोडक्यात, आमचे गावच एका राज्याचा उंबरा आहे. उंबऱ्यावर राहणाऱ्यांनी दाराविषयी लिहावे, यात गैर काही नाही.

सरकारी नोकरीमुळे जुने कागद आमच्या हाताखालून रोज जातात. या भागातल्या एकाच घरातल्या तीन पिढ्यांचे दाखले शेजारी ठेवले, तर आजोबांच्या कागदावर मुंबई राज्य दिसते, वडिलांच्या कागदावर म्हैसूर राज्य आणि मुलाच्या कागदावर कर्नाटक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे बेळगावी झाले. घर जागचे हलले नाही, कागदावरचा पत्ता मात्र तीनदा बदलला. त्या वादात येथे शिरायचे नाही. सांगायचे एवढेच, की त्याच घराच्या दारावरचे तोरण या सगळ्या काळात तेच राहिले. दर पिढीने त्यात आपल्या काळातली एखादी वस्तू तेवढी ओवली.

पानापासून दगडापर्यंत

तोरण हा शब्द संस्कृतातला. मराठीत तो आहे तसा आला आणि कन्नडातही आहे तसाच आहे. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी. आम्ही आंब्याचे डहाळे बांधतो, शेजारचे कन्नड घर ‘माविन तोरण’ बांधते. आंबा तोच, दारही तसेच. आपल्या संतवाङ्मयात गुढी आणि तोरण हे शब्द जोडीने येतात. कामाचा शुभारंभ झाला की आपण ‘तोरण बांधले’ म्हणतो. शिवाजी महाराजांनी तोरणा किल्ला घेऊन स्वराज्याचे तोरण बांधले, हे तर शाळेतले पोरही सांगते.

पण तोरण फक्त पानांचे असावे, असा नियम पूर्वीही नव्हता. सांचीच्या स्तूपाभोवतीची चार दगडी तोरणे दोन हजार वर्षांपूर्वीची. ती नीट पाहिली तर उभ्या खांबांवर आडव्या तुळया लाकडी कामासारख्या बसवलेल्या दिसतात. म्हणजे आधी लाकडाची तोरणे होती आणि दगडाने त्यांची नक्कल केली. दक्षिणेकडच्या तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी हे कोरले, असा लेख आहे. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला. काठेवाडातली मण्यांची आणि भरतकामाची तोरणे पाहिली तर खाली एका रांगेत पानाच्या आकाराच्या पट्ट्या लोंबताना दिसतात. ती आंब्याची पानेच. पान वाळते, म्हणून कुणीतरी ते कापडाचे केले, पुढे मण्यांचे केले. साहित्य बदलत गेले, आकार टिकला. हातात असेल त्याचे तोरण करायचे, ही रीत इतकी जुनी आहे. सीमाभागातल्या बायकांनी फुटक्या बांगड्यांचे आणि जुन्या काठांचे तोरण केले, तेव्हा त्या याच वाटेवरून चालत होत्या.

तोडण्यासाठी बांधलेले तोरण

आमच्या भागातले सर्वांत जुन्या वळणाचे तोरण घराच्या दारावर नसते. ते गावाच्या वाटेवर, बेंदराला बांधतात. आमच्याकडे दोन बेंदूर. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास, त्यालाच कन्नडात ‘कारहुण्णिमे’ म्हणतात. महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. या सणाला वाटेवर आडवा दोर बांधून त्यावर पिंपळाची पाने लावतात. तिला ‘कर’ म्हणतात. सजवलेले बैल पळवत आणायचे आणि बैलाने ती कर तोडायची. इचलकरंजीचा कर तोडण्याचा सोहळा आजही गर्दी खेचतो. कन्नड मुलखात यालाच ‘करी हरियुवुदु’ म्हणतात.

या करीत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पानाफुलांचे तोरण टिकावे, अशी कुणाची अपेक्षाच नसते. ते त्या ऋतूचे, त्या दिवसाचे. पाडव्याला आंबा आणि कडुनिंब, दसऱ्याला झेंडू, कार्याच्या मांडवाला पुन्हा आंबा. सण झाला की ते सुकते आणि उतरते. म्हणूनच त्याच्या जोडीला घरात दुसरे, टिकणारे तोरण लागले. ओले तोरण देवाचे आणि ऋतूचे, कोरडे तोरण घराचे. जुन्या घरांत ही दोन्ही एकावर एक बांधलेली असतात, मागे मण्यांचे किंवा काठांचे आणि पुढे आंब्याचे. यापुढे आम्ही जे लिहीत आहोत ते या कोरड्या तोरणाविषयी.

वाढलेल्या बांगड्या

मराठीत काचेची बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. वाढलेल्या बांगडीचे तुकडेही टाकून देत नसत. पोरी त्यांवर काचापाणी खेळत, आणि उरलेल्या तुकड्यांचे तोरण होई.

त्याची कृती आज अनेकांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. बांगडीचा वळणदार तुकडा चिमट्यात धरून दिव्याच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर मधोमध तापवायचा. काच मऊ होते, तुकडा वाकतो आणि त्याची दोन टोके एकमेकांना भेटतात. एक कडी तयार झाली. ती निवण्याआधी चिकटलेली टोके नीट दाबायची. मग दुसरा तुकडा पहिल्या कडीतून घालून तसाच तापवायचा. अशा कडीत कडी अडकवत साखळी वाढत जाते. हिरव्या, लाल, निळ्या, सोनेरी ठिपक्यांच्या काचेच्या साखळ्या दारावर लोंबू लागल्या आणि वारा आला की बारीक किणकिण ऐकू येते.

या काचेलाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या बायकांच्या हातांतल्या कितीतरी बांगड्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या बोहेमियातून येत. पहिल्या महायुद्धात तो माल अडला आणि जपानी माल वाढला. त्याच काळात स्वदेशीच्या चळवळीने देशी काचेला बळ दिले. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या काच कारखान्याने नाव मिळवले आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. बांगड्यांची बाजारपेठ पुढे फिरोजाबादने काबीज केली. म्हणजे आजीच्या तोरणातली एक कडी परदेशी असेल, तिच्या शेजारची फिरोजाबादची असेल. कासाराने त्या गावात आणल्या, सणाला हातांत भरल्या आणि वाढल्यावर त्या दारावर एकत्र आल्या.

एक गोष्ट मात्र जड मनाने लिहावी लागते. या साखळ्यांत विधवा बाईच्या बांगड्या नसत. त्या वेगळ्या काढल्या जात आणि घरात राहत नसत. सुवासिनीच्या वाढलेल्या बांगडीला दारावर मान होता, दुसऱ्या बाईला दारातल्या कार्यातही पुढे होता येत नसे. तोरण पाहताना त्यात काय आहे ते आपण पाहतो. त्यात कुणाला जागा नव्हती, हेही त्याच इतिहासात मोडते. आज आमच्या ओळखीच्या काही घरांत वडील वारल्यावरही आईच तोरण बांधते. हा बदल आम्हांला कोणत्याही जुन्या वस्तूपेक्षा मोलाचा वाटतो.

भोकाचा पैसा

जुन्या तोरणांत मण्यांच्या मधूनमधून तांबूस रंगाच्या, मध्ये मोठे गोल भोक असलेल्या चकत्या दिसतात. नव्या पिढीला त्या वॉशर वाटतात. तो आहे भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, धातू वाचवायला ब्रिटिश सरकारने १९४३ पासून मध्ये भोक असलेला ब्राँझचा पैसा पाडला. वजन जेमतेम दोन ग्रॅम. १९४७ पर्यंत तो निघत होता. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. भोक असल्यामुळे तो दोऱ्यात ओवून ठेवता येई, पोरांच्या करगोट्यात बांधता येई.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. जुना पैसा हिशेबाने दीड नया पैसा आणि वर थोडा, म्हणजे देवघेवीला अडचणीचा. काही काळ दोन्ही नाणी चालली, मग जुने नाणे हातातून गेले. ज्या वस्तूला भोक आहे आणि बाजारात किंमत नाही, ती तोरणात जाणार, हे ठरलेलेच. लढाईच्या टंचाईने पडलेले भोक सुईदोऱ्याच्या कामी आले.

कवडीची कहाणीही तशीच. एके काळी कवडी हे चलन होते. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द तेव्हाचे. चलन म्हणून ती कधीच गेली, पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्तांच्या गळ्यात आणि बैलांच्या माळांत ती राहिली. तिथून ती तोरणात आली. आमच्या भागातल्या एखाद्या तोरणात कवडी, भोकाचा पैसा आणि दशमान पद्धतीतले अॅल्युमिनियमचे नाणे एका ओळीत दिसले, तर चलनाचा सगळा प्रवास आपण उंबऱ्यात उभे राहून पाहतो आहोत, असे समजावे.

काठ, खण आणि कांड्या

आमच्या बाजूला जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. कन्नड घरांत तिलाच कौदी म्हणतात. मऊ झालेले लुगडे वाकळीत जाई, पण त्याचा काठ आणि पदर दणकट असल्याने मागे राहत. इरकलीचा टोपपदर, जुन्या साडीचा जरीकाठ यांवर घरात दोघांचा डोळा असे. एक बोहारीण. ती जरीच्या बदल्यात भांडी देई, कारण जुन्या अस्सल जरीत चांदी असे आणि ती आटवून काढता येई. दुसरा डोळा घरातल्या म्हातारीचा. बोहारणीला काठ गेला की घरात एक पातेले येई. म्हातारीने तो राखला की दारावर तोरण चढे. आज घरात असलेले प्रत्येक काठाचे तोरण म्हणजे कुणीतरी कधीकाळी नाकारलेले एक पातेले आहे, हे लक्षात ठेवावे. टंचाईच्या दिवसांत हा साधा त्याग नव्हता.

खणांचेही तसेच. चोळीचे खण मुख्यतः बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे. ओटीत आलेले, गौरीला वाहिलेले खण घरात साठत जातात. त्रिकोणी घडी घातलेला खण मुळातच पानासारखा दिसतो. असे सात किंवा नऊ त्रिकोण एका पट्टीवर शिवले की तोरण झाले. अलीकडे शहरांतल्या दुकानांत खणांची तोरणे मिळू लागली आहेत आणि ती फार नवीन कल्पना म्हणून विकली जातात. सीमाभागातल्या आज्यांना याचे हसू येईल.

दोन गोष्टी अगदी आमच्या मुलखातल्या. पहिली, कांडी. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे तिथे मागांचे गावच उभे राहिले. मागाच्या धोट्यात सुताची लाकडी कांडी बसते. नंतर प्लास्टिकच्या कांड्या आल्या, बिनधोट्याचे माग आले आणि लाकडी कांड्या पोत्यांनी अडगळीत पडल्या. वर रुंद, खाली निमुळती, आतून पोकळ, हातांनी गुळगुळीत झालेली ही कांडी दोऱ्यात ओवायला जणू घडवलेलीच. दुसरी गोष्ट, विडीचा दोरा. निपाणीचा परिसर तंबाखूचा. घरोघरच्या बायकांनी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळल्या, त्या पैशांवर पोरांची शिक्षणे केली. विडी बांधायचा तो बारीक रंगीत दोरा घरात कायम असे. आम्ही पाहिलेल्या जुन्या तोरणांपैकी काहींचे मणी या दोऱ्याने ओवलेले आहेत. मणी, कवडी, पैसा यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. त्यांना धरून ठेवणाऱ्या दोऱ्यात रात्री जागून विड्या वळणाऱ्या बाईचे कष्ट आहेत, ते दिसत नाहीत.

गोठ्यातून दारावर

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्या तोरणांत सर्वांत मोठी भर पडली ती गोठ्यातून. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. बेंदराला बैल सजवायला घरात काय काय असे, त्याची ही यादी पाहा: घुंगरमाळ, कवड्यांची माळ, कंडा, गोंडे, शिंगांच्या पितळी शेंब्या, भरजरी झूल, म्होरकी, वेसण, कासरा. बैल विकले गेले. हे सामान विकायला मात्र शेतकऱ्याचा हात धजला नाही.

मग घुंगरमाळ दारावर आली. झुलीच्या आरशाच्या कडेची पट्टी तोरण झाली, गोंडे दोन टोकांना लागले. पूर्वी जो आवाज गाडीवाटेवरून यायचा, तो आता दार उघडताना येतो. महामार्गावरच्या हॉटेलांत अशा माळा शोभेला लावलेल्या दिसतात. तिथे ती शोभा आहे. शेतकऱ्याच्या दारावर ती एका जनावराची आठवण आहे, आणि कित्येकदा त्या जनावराचे नावही घरातल्यांना पाठ असते.

पुढे काय?

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळे छान चालले आहे. तसे नाही. जुनी तोरणे झपाट्याने जात आहेत, आणि ती तीन वाटांनी जातात.

पहिली वाट भंगाराची. जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधताना माळा रिकामा होतो. पितळेच्या घुंगरांचा भाव किलोवर ठरतो. काच, कवड्या, कापड यांना भावच नसतो, ते कचऱ्यात जाते. पूर्वीच्या दाराच्या चौकटीवर मधोमध गणपती कोरलेली गणेशपट्टी असे आणि तिच्याच दोन बाजूंना तोरणाचे खिळे असत. नव्या दारावर डोअरबेल असते, गणेशपट्टी नसते.

दुसरी वाट प्लास्टिकची. बाजारात स्वस्त, चकचकीत, धुता येणारी तोरणे मिळतात. कर्नाटकाने २०१६ च्या मार्चमध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. तरी प्लास्टिकची पाने आणि फुले दारोदार दिसतातच. त्यांत काय खटकते? ती वाळत नाहीत, म्हणून ऋतूची नाहीत. ती घरातून आलेली नाहीत, म्हणून घराचीही नाहीत.

तिसरी वाट हौशी बाजाराची. जुन्या वस्तूंना आता शहरांत मागणी आहे. वाड्यातल्या कड्या-कोयंडे, जुनी घंटी, झुलीची पट्टी विकत आणून त्यांची सुंदर तोरणे लोक करतात. यात वाईट काही नाही, वस्तू निदान वाचते. पण ती कुणाच्या घरातून निघाली हे विसरले जाते. वस्तू उरते, गोष्ट हरवते.

येथे कायद्याच्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्या सहसा कुणी सांगत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे, कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी असलेल्या मुलांसाठी बॅगेत काही घालण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे. आणि पाया खणताना जमिनीत नाणी किंवा दागिने सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते परस्पर तोरणात ओवायचे नसतात.

घरी तोरण करताना

या वर्षी एखाद्या घराने जुन्या वस्तूंचे तोरण करायचे ठरवले, तर आमच्या पाहण्यातून आलेल्या काही सूचना देतो.

आधी दार मोजावे. साधारण तीन फुटांच्या दाराला साडेतीन ते चार फुटांचा मुख्य दोर लागतो, म्हणजे दोन्ही टोके चौकटीच्या बाहेर बांधता येतात. लोंबणाऱ्या सरांची संख्या विषम ठेवण्याची आपली रीत आहे, पाच, सात किंवा नऊ. सर सहा इंचांपेक्षा लांब नको, उंच माणसाच्या डोक्याला लागतो. घुंगरू, शेंब्या, नाणी असा धातू असेल तर मुख्य दोर जाड सुती घ्यावा, त्याला मेण चोळावे आणि मधोमध तिसरा खिळा द्यावा, नाहीतर तोरण पोटात झोळ धरते. काचेच्या साखळ्यांचे सांधे बोटाने तपासावे, कड लागत असेल तर पॉलिश पेपरने घासावी, आणि त्या लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत अशा उंचीवर असाव्यात. काचेचे काम पोरांना एकट्याने करू देऊ नये.

काय कापू नये, हे जास्त महत्त्वाचे. धड असलेली इरकल किंवा पैठणी तोरणासाठी कापू नका. जी फाटलीच आहे तिचा काठ घ्या. नाण्याला भोक पाडू नका. भोकाचा पैसा मुळातच भोकाचा आहे, तो ओवा. शिवराई किंवा दुसरे जुने नाणे घरात असेल तर ते डबीत जपा, हौसेने चिंच लावून घासूही नका. पितळेची घुंगरे मात्र खुशाल घासा. जरीकाठ सण झाल्यावर मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावा आणि डांबरगोळी त्याला टेकू देऊ नये, जर काळी पडते.

तोरण पुरे झाले की शेवटचे काम करायचे ते हे. एका कागदावर लिहायचे: कवड्या कुणाच्या, काठ कोणत्या लुगड्याचा आणि ते कुणाच्या लग्नातले, घुंगरमाळ कोणत्या बैलाची, कांड्या कोणत्या मागावरच्या. जे ठाऊक आहे तेवढेच, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून. तारीख घालायची आणि तो कागद तोरणाच्या पिशवीत ठेवायचा. दर वर्षी तोरण काढताना घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा. यात पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

आपल्यापैकी कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या गावापासून लांब आहेत. मुले कन्नड, हिंदी, इंग्रजी शाळांत शिकतात, मराठी घरापुरती उरते. अशा घरात तो कागद मराठीत असावा, एवढा आमचा आग्रह आहे. मुलाला मराठी वाचता यावे म्हणून आपण गोष्टींची पुस्तके आणतो. त्याच्या पणजीच्या लुगड्याची गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही, ती आपल्यालाच लिहून द्यावी लागणार. आणि ज्या घरात जुने काहीच उरलेले नाही, त्याने खट्टू होऊ नये. यंदाच्या गौरीच्या खणापासून सुरुवात करावी. पन्नास वर्षांनी तोही जुना होणारच आहे.

सरकारी दप्तरात आमच्या गावाची नोंद आहे, तिच्यात क्षेत्र आहे, लोकसंख्या आहे, सर्व्हे नंबर आहेत. कोणाच्या घरी कोणता बैल होता आणि कोणत्या बाईने पातेले नाकारून काठ राखला, हे त्या दप्तरात नाही आणि ते तिथे असायचेही नाही. ती नोंद ठेवणे घराचे काम. यंदा बाप्पांचे स्वागत करताना दारावर आंब्याची ताजी पाने असू द्या, आणि त्यांच्या मागे घरचे जुने तोरणही चढू द्या.

गणपती बाप्पा मोरया!